ठमाकाकीला कोण नेणार?

एखादी बाई आजारी असताना तिच्या पायावर डोकं ठेवायचं, आणि औषधाने बरी झाली की तिलाच वेडी म्हणून मांडवातून उठवायचं, असं तुम्ही कधी केलं आहे का? घाईने नाही म्हणू नका. आमच्या गावातही सगळे नाहीच म्हणतात. ज्यांनी तिच्यापुढे नारळ फोडले तेही नाही म्हणतात आणि ज्यांनी तिला मांडवातून ऊठ म्हटलं तेही. ती माणसं तीच होती. मी ती पाहिली आहेत, त्यांच्यातली निम्मी माझ्या नात्यातली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

ती बाई म्हणजे ठमाकाकी. तिचं घर आमच्या घराला लागून, मध्ये फक्त एक कुडाची भिंत. आमचं गाव शेणव्याच्या पुढे, शहापूर तालुक्याच्या टोकाला. तिचं माहेर मुरबाड तालुक्यात. दोन्ही तालुक्यांत तिला धवळारीण म्हणून ओळखत. आमच्याकडच्या लग्नांत हळद लागते ती धवळारणीच्या गाण्यावर. मांडव उभा राहण्यापासून नवरी निघेपर्यंत कुठल्या वेळेला कुठलं गाणं, ते तिलाच ठाऊक. भटजी उशिरा आला तर चालतो. धवळारीण गप्प बसली तर लग्न जागच्या जागी थांबतं. ठमाकाकीने हे सगळं सासूकडून घेतलेलं. कागदावर एक अक्षर नाही.

हाडापेराने मोठी बाई. कपाळावर आडवं कुंकू, पदर कमरेला खोचलेला, आणि आवाज असा की ती परसात म्हशीला हाक मारायची तेव्हा आमच्या घरातली ताटं वाजायची. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला ती सारखी दटावायची, "हळू बोल गो, कोन पाठी लागलाय तुज्या?" चोळीच्या आत तिने एक खिसा शिवून घेतला होता. त्यात गोळ्यांची पट्टी. सकाळची गोळी ती सगळ्यांसमोर घ्यायची, पाणी मागून. कोणी विचारलं कसली गोळी, तर म्हणायची, "डोक्याची. तुला पायजे काय? तुला दोन लागतील."

आणि महिन्यातून एकदा ती झोपेला जायची.

शॉक हा शब्द तिने कधी वापरला नाही. गाव म्हणायचं, ठमीला करंट देतात, ठमीला शॉक देतात. ती म्हणायची, "उद्या माजी झोप हाय, दूध तुमी काढा." तिचं म्हणणं सरळ होतं. "मना आत नेतात. हाताला सुई लावतात. मी झोपतंय. उठतंय तवा तोंड सुकलेलं असतंय, डोका ठणकतंय. मंग चहा नि बिस्कुट. मधी काय केलं ते डॉक्टरला ठावं. मना झोपच ठावं, तर मी झोपच म्हननार."

तिचा आजार स्किझोफ्रेनिया. हे नाव मला फार उशिरा कळलं. माझ्या लहानपणी त्याचं नाव देवी होतं.

मी पाच-सहा वर्षांची असेन. मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. मुरबाडकडून जीपा भरून यायच्या. ठमाकाकी भिंतीकडे तोंड करून बोलत असायची, मध्येच ओरडायची, मध्येच कोणाला तरी हात जोडायची. नामदेवकाका, म्हणजे तिचा धाकटा दीर, शेजारी बसून त्याचा अर्थ सांगायचा. ती "जा, जा" म्हणाली की तो सांगायचा, तुमची बाधा गेली. ती रडली की सांगायचा, तुमच्या घरात कोणाचा तरी कोप आहे. ती दिवसेंदिवस जेवायची नाही. लोक म्हणायचे, देवीचा उपास. ती आठवडाभर डोळा मिटायची नाही. लोक म्हणायचे, जागृत आहे. एकदा ती चुलीतल्या निखाऱ्यावर पाय ठेवून उभी राहिली. बायका किंचाळल्या आणि मग त्याच बायकांनी तिच्या पोळलेल्या तळव्यांना हळद लावून ती हळद स्वतःच्या कपाळाला लावली. मीही लावली. आईने लावली म्हणून.

पुढे एकदा मी तिला विचारलं होतं, तेव्हा काय व्हायचं? ती भात पाखडत होती. म्हणाली, "डोक्यात ग्रामसभा भरायची गो. सगळे एकदम बोलायचे. नि ठराव सगळे माज्या विरुद्ध." हसली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "नि मी गप म्हनून सांगाला तोंड उघडलं की हे भायरचे नारळ फोडायचे."

तिला दवाखान्यात नेलं ते तिच्या नवऱ्याने, दगडूकाकाने. हा माणूस कसाऱ्याला रेल्वेच्या रुळांवर काम करायचा. बोलायचा कमी, कोणाशी भांडलेला मी पाहिला नाही. पण त्या दिवशी त्याने ओट्यावरच्या माणसांना उठवलं आणि बायकोला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं. नामदेव आडवा आला. म्हणाला, "दादा, देवीला सुई टोचनार तू?" दगडूकाका म्हणाला, "देवीला नाय टोचीत. माज्या बायकोला टोचतंय. बाजूला हो."

गोळ्यांनी ती बरी झाली, पण टिकेना. गोळ्या चालू असतानाही ग्रामसभा परत भरायची. तीन वेळा दवाखान्यात ठेवावी लागली. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी शॉकचं काढलं. आधी लागोपाठ काही, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने, मग महिन्याने एक. गोळ्या बंद करायच्या नाहीत. दगडूकाका सांगायचा, त्या बाईंनी काही लपवलं नाही. सगळ्यांना हे लागत नाही, पुष्कळांचं गोळ्यांवर भागतं. हिचं भागत नाही म्हणून आजार परत उलटू नये यासाठी हे. थोडं विसरायला होईल. भूल देऊन करतो, अंग झटकत नाही, पण पोट रिकामं पाहिजे आणि बरोबर घरी नेणारं माणूस पाहिजे. माणूस नसेल तर आम्ही करत नाही. पटत असेल तर ठमाबाईंनी स्वतः सही करायची.

ठमाकाकी सही करायला शिकली होती ती अशी. चार अक्षरं, त्यातलं 'ठ' गरगरीत. दर वेळी कागद आला की ती विचारायची, "ह्यावर गेल्या खेपेसारखंच लिवलंय ना? काय वाढवलं नाय ना?" नर्स वाचून दाखवायची. मग सही. मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या गावात सातबाऱ्यावर न वाचता अंगठा देणारे पुरुष आहेत.

विसरणं मात्र खरं होतं. झोपेच्या आदल्या दिवसाचं तिला नीट आठवायचं नाही, कधी त्या आठवड्यातलंही. मी दहावी पास झाल्याचा पेढा तिला दिला आणि दोन दिवसांनी ती म्हणाली, "निकाल कदी गो तुजा?" मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला आणि हात पुढे केला. "मंग परत दे. मी पैला खाल्लाच नाय म्हनायचा." तिची भीती वेगळी होती. गाणी गेली तर? शेकडो गाणी, सासूने दिलेली, आणि लिहिलेलं काहीच नाही.

त्यावर उपाय दगडूकाकाने काढला होता आणि तो परतीच्या एसटीत चालायचा. दवाखान्यातून लोकलने आसनगावला उतरून दोघं शहापूरला यायची, तिथून आमच्या बाजूची गाडी. खिडकीशी ती डोळे मिटून बसलेली, डोकं ठणकत असलेलं. आणि हा माणूस, जो घरात चार शब्द बोलायचा नाही, तो हळू आवाजात बायकांची लग्नाची गाणी म्हणायला लागायचा. चुकीची. हळदीच्या गाण्यात मांडवाची ओळ घालायचा, नवरीच्या मामाच्या जागी सासऱ्याला आणायचा. दोन ओळी ती सहन करायची. तिसऱ्या ओळीला डोळे न उघडता म्हणायची, "सासरा कुठून आला तिथं? मामा हाय तो." तो म्हणायचा, "सासराच हाय." मग ती चिडून अख्खं गाणं म्हणून दाखवायची, आणि एसटीतली माणसं मान वळवून बघायची. गाव येईपर्यंत तो पाच-सहा ठिकाणी चुकलेला असायचा. मी एकदा त्याला विचारलं, काका, तुम्हाला खरंच येत नाहीत गाणी? म्हणाला, "वीस वर्सं कानावर पडतात. येनार नाय तर काय? पन सांगू नको तिला."

पोट रिकामं ठेवणं ही आमच्याकडे सोपी गोष्ट नाही, आणि पहिली चूक आमच्याच घरातून झाली. माझ्या आईला वाटलं, बिचारी एवढी दवाखान्याला निघाली आहे. तिने दही-साखर केली आणि पहाटे अंगणात ठमाकाकीच्या तळहातावर ठेवली. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला आपल्याकडे असंच देतात. ठमाकाकीने ती चाटली. दवाखान्यात विचारलं, सकाळपासून काही खाल्लं? तिने खरं सांगितलं. भूल देता येणार नाही म्हणून पुढची तारीख मिळाली. दगडूकाका रागावला नाही, आईच मात्र दोन दिवस रडत होती. त्यानंतर झोपेच्या दिवशी आई दार लावून आत बसायची, आपल्याकडून आणखी काही होऊ नये म्हणून. ही चूक नामदेवनेही पाहिली होती. तो तिचा पुढे काय उपयोग करील, ते आम्हाला तेव्हा सुचलं नाही.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबा शेतमजुरांच्या संघटनेत. आमच्या खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे, मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. कॉलेजात असताना शहरातल्या साथींनी एक पत्रक पाठवलं, विजेचे झटके हा छळ आहे, ते बंद करा, अशा मथळ्याचं. मला ते फार आवडलं. मी ते ठमाकाकीच्या ओट्यावर उभी राहून मोठ्याने वाचलं. ती ऐकत होती.

"कोनी लिवलंय ह्ये?"

"शहरातल्या साथींनी."

"त्यांना किती वेळा दिला?"

"काय?"

"झोप."

"त्यांना कशाला देतील काकी?"

"मंग त्यांना काय ठावं? मना इचारलं का कोनी?"

मी तिला समजावायला लागले की पूर्वी भूल न देता करायचे, माणसं बांधून करायचे, न विचारता करायचे. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तसं कोनाला करीत असतील तर तुमी वरडा. मी पन येतंय वरडाला, माजा गळा तुमच्या परीस मोठा हाय. पन माजी झोप बंद करा म्हनून वरडू नका. ती बंद झाली तर काय व्हतंय ते तुमी ऱ्हात नाय बघाला. दगडू ऱ्हातो."

बाबांनी तो गठ्ठा वाटला नाही. पण दहा-वीस कागद मी आधीच वाटून बसले होते. त्यातला एक नामदेवच्या खिशात गेला.

ती बरी झाली तसं गाव तिच्यापासून लांब सरकलं. देवी असताना तिच्या घरचं पाणी तीर्थ म्हणून प्यायचे. आता कप बाजूला ठेवायचे. लग्नाची बोलावणी कमी झाली. मुरबाडकडच्या एका लग्नाला मी तिच्याबरोबर गेले होते. ते बोलावणं दगडूकाकाच्या ओळखीतून आलेलं. ठमाकाकी नवी साडी नेसून मांडवात पाटावर बसली, सुपारी हातात घेतली. तेवढ्यात नवरीची चुलती आली आणि तिच्या कानाशी वाकली. कानाशी वाकून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलली. "ठमाबाय, वाईट नका वाटून घेऊ. शॉकवालीच्या तोंडची हळद नको म्हनतात पोराकडचे. तुमी जेवून जा." हीच बाई पूर्वी जीपमधून यायची. तिला मूल व्हावं म्हणून ठमाकाकीच्या पोळलेल्या पायांवर लोळलेली मी पाहिली होती.

ठमाकाकी उठली. तिच्या जागी दुसरी एक तरुण बाई बसवली. तिला चार गाणी येत होती. पाचव्याला ती अडली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, हळदीचं ताट तसंच राहिलं, आणि मग ती चुलती पुन्हा आली. आम्ही तेव्हा मागच्या बाजूला, जिथे जेवणाची मोठी चूल पेटवली होती, तिथे उभ्या होतो. म्हणाली, "ठमाबाय, हितून, कुडाच्या मागून जरा ओळ सांगाल? समोर नको. फक्त तिला ऐकू जाईल एवढं."

मी म्हटलं, काकी, चला. थुंका यांच्या अंगणात आणि चला.

ती कुडाला तोंड लावून उभी राहिली आणि ओळी सांगू लागली. तिचा तो ताटं वाजवणारा आवाज तिने इतका लहान केला की मला तो ओळखू येईना. धूर तिच्या डोळ्यांत जात होता. पलीकडे ती बाई ओळ उचलायची, आणि मांडवातल्या बायका माना डोलवायच्या. सगळी हळद तशी लागली. जाताना त्यांनी तिला पानात जिलबी दिली, तीही मागच्या दाराने.

वाटेत मी भडाभडा बोलत होते. ती म्हणाली, "पोरीचं लगीन हाय गो. त्या पोरीनं काय केलंय?" आणि थोड्या वेळाने, "एक पन ओळ चुकली नाय माजी. बघितलंस ना? दगडूला सांग."

मला आजही त्या जिलबीची शिसारी येते.

दगडूकाका गेला तो कामावरून घरी येऊन बसला तिथेच, छातीत कळ येऊन. ठमाकाकी त्याच्यासाठी रडली ती गाण्यातच रडली, आणि तेराव्याला तिने मला विचारलं, "आता मना कोन न्येल?" ती दुःखाच्या भरात बोलत नव्हती, तिला तारीख विचारायची होती. पुढची झोप आठ दिवसांवर होती.

मी नेलं. रजा टाकून सहा-सात महिने नेलं. मला गाणी येत नव्हती, त्यामुळे परतीच्या गाडीत मी खरंच चुकायचे आणि तिला तेवढी मजा यायची नाही. म्हणायची, "तू चुकतंस ती येत नाय म्हनून. त्यो मुद्दाम चुकायचा. मना काय कळत नव्हतं?" मग माझी नोकरी नाशिकला गेली. मी महिन्याला रजा मागत राहिले, ती मिळेनाशी झाली. बाबांचे गुडघे गेलेले, आई एकटी शहरात जायला घाबरते. मी गावात दहा घरी फिरले. महिन्यातला एक दिवस, फक्त बरोबर बसायचं आणि तिला घरी आणायचं. एकाने सांगितलं भातलावणी आहे. एकाने सांगितलं, बाईमाणसाबरोबर गेलो तर लोक काय म्हणतील. एक जण, ज्याच्या बापाची 'बाधा' ठमाकाकीने घालवली म्हणून तो नवस फेडायला यायचा, तो म्हणाला, "वेड्यांच्या दवाखान्यात माजं नाव लिवायचं? पोरांची लग्नं व्हायची हायेत माज्या."

तेव्हा नामदेव पुढे झाला. "तू कशाला फिरतंस दारोदार? घरचा मानूस हाय ना मी. मी न्येतो."

मी फोन करून विचारायचे, नेलं का? तो म्हणायचा, "नेलं, नेलं. ब्येस हाय ती." खरं काय चाललं होतं ते मला आईने सांगितलं, पण चार महिन्यांनी, कारण तिलाही दाराआडून उशिरा कळलं. झोपेच्या दिवशी पहाटे ठमाकाकी आंघोळ करून, काही न खाता, पिशवी घेऊन ओट्यावर बसायची. नामदेव यायचा. त्याच्या हातात गावदेवीचा प्रसाद. "वयनी, देवीचा हाय. नाय म्हनायचा नाय." धवळारीण प्रत्येक लग्नात आधी गावदेवीचं नाव घेते. चहा तिने नाकारला असता, जेवण नाकारलं असतं. हे तिला नाकारता येणार नाही, हे त्याला माहीत होतं. ती तोंडात घालायची, आणि मग तोच म्हणायचा, "आता तर खाल्लंस. आता ते डॉक्टर काय घेनार नाय. फुडच्या म्हयन्यात बघू."

मी गावी आले आणि त्याच्या अंगावर धावून गेले. त्याने शांतपणे खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तुमच्याच संघटनेचा हाय. छळ हाय म्हनून लिवलंय ह्यात. मी तिचा छळ थांबवला. तू काय बोलतंस मना?" मी कागद हातात घेतला. तो मीच वाटला होता.

देवी घरात असताना मुरबाडहून आलेल्या जीपा आधी नामदेवचं घर विचारायच्या. ती बरी होती त्या सगळ्या वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. एवढ्यासाठी त्याने हे केलं. याहून मोठं कारण मी शोधलं, मला सापडलं नाही. आणि गावाने त्याला करू दिलं, कारण गावालाही ठमाबाई नकोच होती. त्यांना देवी हवी होती.

शेवटचं तिला पाहिलं ते त्याच दिवशी दुपारी. ओट्यावर माणसं बसलेली, पूर्वीसारखी. लाल प्लास्टिकच्या खुर्चीत ठमाकाकी. कपाळापासून नाकापर्यंत कुंकू, ओठ फुटलेले, गळ्याची हाडं वर आलेली. ती भिंतीकडे बघून कोणाशी तरी वाद घालत होती. बायका वाकत होत्या. मी गर्दीतून तिच्यापर्यंत पोचले आणि तिचा हात धरला. तिने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही सांगता येत नाही. पण तिने माझं मनगट आवळलं आणि स्पष्ट, तिच्या जुन्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"मना न्या. मना न्या रे कोनीतरी."

ओट्यावरच्या माणसांनी माना वर केल्या. मला वाटलं, कळलं यांना. एवढे साधे शब्द आहेत, लहान पोरालाही कळतील.

नामदेव उठून उभा राहिला, हात जोडले आणि ओरडला, "देवी मिरवनूक मागतेय! देवीला वेशीपर्यंत न्यायचा हुकूम झालाय!"

ढोल लगेच आला. चार जणांनी खुर्ची उचलली. त्यात तोही होता, ज्याच्या पोरांची लग्नं व्हायची आहेत. एका दिवसाची सोबत करायला ज्या गावात एक माणूस मिळालं नव्हतं, तिथे खुर्चीला खांदा द्यायला धक्काबुक्की चालली होती. मी खुर्चीचा पाय धरून लोंबकळले, कोणीतरी मला केसांना धरून मागे ओढलं. ठमाकाकी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसली होती. "मना न्या, मना न्या," ती म्हणत होती, आणि ते तिला नेत होते. ढोलाच्या आवाजात ती वळणावरून दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाबा पोलीस चौकीत गेलो, मग तिथल्या हवालदाराला घेऊन ठमाकाकीच्या घरी आलो. घराला कुलूप. नामदेवने तिला रात्रीच मुरबाडच्या बाजूला नेलं होतं. देवी गावोगाव दर्शन देणार आहे, असं त्याच्या घरच्यांनी हवालदाराला सांगितलं, आणि हवालदाराने चप्पल काढून त्या ओट्याला नमस्कार केला. तक्रार आम्ही पुढे वर दिली आहे. डॉक्टरीणबाईंनीही लिहून दिलं आहे. आजपर्यंत ती सापडलेली नाही.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहिलं आहे, विशेषतः मुरबाड तालुक्यात राहत असाल तर. तुमच्या गावात खुर्चीत बसवून एक उंच बाई आणली असेल, ती भिंतीशी बोलत असेल, आणि शेजारी बसलेला माणूस तिच्या बोलण्याचे अर्थ सांगत असेल, तर त्याचं ऐकू नका, ती काय म्हणते ते ऐका. जवळच्या सरकारी दवाखान्यात कळवा, पोलिसांत लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. ती ठमाकाकी नसेल, दुसरीच कोणी असेल, तरीही द्या. दवाखान्यातले विचारतील, बरोबर कोण आहे? तिथे तुमचं नाव सांगा. ओट्यावर जाल तेव्हा नारळ घेऊन जाऊ नका. रिकाम्या हाताने जा, आणि तिला बरोबर घेतल्याशिवाय परत फिरू नका.